माफी कोणाच्या खात्यावर

सातबाऱ्यावरून एक नाव उतरायला फार काही लागत नाही. आमच्या बाबतीत गणपतीच्या सुट्टीतली एक दुपार आणि न वाचता केलेली एक सही पुरली. मुंबई–गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वरकस जमिनीचा एक पट्टा रस्त्यात गेला. मोबदला आला, वाटला गेला, आणि कागदांत माझं नाव कुठेच नव्हतं. ज्याला मी समजायला लागल्यापासून दादा म्हणतो त्या चुलतभावाने "वारसनोंदीचं काम आहे, चल पटकन" म्हणून नेलं होतं, तो कागद हक्कसोडपत्राचा निघाला. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्या माणसाने फसवलं की आधी स्वतःच्याच अकलेची लाज वाटते, मग राग येतो, आणि तो राग जेवताना, झोपताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर पुन्हा पुन्हा वर येतो.

महाडला आमच्या शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. त्यांना एकदा सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "माफ केलंस का त्याला?" मी तडकलो. म्हटलं, "मावशी, तुमच्याकडे बरं आहे, एक गाल, दुसरा गाल. मी तर फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील टाकलंय." त्या शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माफ करायचं म्हणजे अपील काढून घ्यायचं, असं तुला कोणी सांगितलं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. दगाबाजाला क्षमा करावी, शत्रूवर प्रेम करावं, ही ख्रिस्ती शिकवण आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेली असते, आणि ती भाबडी आहे असं ठरवून बाजूलाही ठेवलेली असते. मी ती पहिल्यांदा नीट वाचायला घेतली ती या शेंगांच्या टोपलीमुळे.

सुरुवात शब्दापासूनच करतो, कारण घोळ तिथेच आहे. 'क्षमा' हा संस्कृत शब्द 'क्षम्' या धातूवरून आला. त्याचा अर्थ सोसणे, सहन करणे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळ्यांचे पाय सोसते. नव्या करारातली ग्रीक शब्दकळा वेगळी आहे. तिथे जे क्रियापद येतं त्याचा अर्थ सोडून देणे, जाऊ देणे. ते कर्ज सोडण्यालाही वापरलं जाई. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना जी प्रार्थना शिकवतो तिच्यात मागणी ऋणं सोडण्याची आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात ऋण आणि पाप यांना एकच शब्द चालत असे. आता आपला 'माफी' बघा. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि आपल्याकडे महसुलाच्या दप्तरात स्थिरावला. सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी. बायबलला जे म्हणायचं आहे त्याच्या जवळ सोवळ्यातल्या 'क्षमे'पेक्षा तलाठ्याच्या तोंडची 'माफी' जास्त जाते, असं माझं मत झालं आहे.

कर्जमाफी म्हणजे काय हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. २०१७ मध्ये एक झाली, २०१९ च्या शेवटी दुसरी जाहीर झाली. पैसे हवेत विरत नाहीत. शेतकऱ्याच्या खात्यावरचा आकडा पुसला की तो कोणाच्या तरी खात्यावर लिहावा लागतो; सरकारच्या, बँकेच्या, शेवटी करदात्याच्या. तोटा झालेलाच असतो, तो कोणी भरायचा एवढंच ठरायचं असतं. ख्रिस्ती क्षमेचा हिशेब तसाच आहे. ज्याचं नुकसान झालं तो म्हणतो, हे मी माझ्या खात्यावर घेतलं, तुझ्याकडून वसूल करणार नाही. 'काही झालंच नाही' असं तो म्हणत नाही. काही झालंच नसेल तर माफ काय करायचं?

याच संदर्भात येशूने सांगितलेली एक गोष्ट मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. एका राजाच्या सेवकावर दहा हजार तालांतांचं कर्ज असतं. तो पाया पडतो, राजा सगळं सोडून देतो. बाहेर पडताच त्याला त्याचा सोबती भेटतो, जो त्याचे शंभर दिनार देणं लागत असतो. हा त्याची मानगूट धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. लहानपणी गोष्ट ऐकताना आकडे कानावरून जातात. ते मांडून बघू. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत साधारण ६,००० दिनारांचा. म्हणजे दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आमच्याकडे शेतावरच्या गड्याला आज दिवसाचे ५०० रुपये धरले तर ३,००० कोटी रुपये. सोबत्याचं कर्ज त्याच हिशेबाने ५० हजार. येशूच्या काळचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या दोन्ही मुलखांतून मिळून वर्षाला २०० तालांत महसूल मिळे, असं योसेफस हा इतिहासकार लिहितो. म्हणजे त्या सेवकावर पन्नास वर्षांचा राज्याचा वसूल बाकी होता. ऐकणारे हसले असतील. आकडा हसावं म्हणूनच घेतलेला आहे. तुझं सुटलं ते किती, आणि तू धरून बसलास ते किती, एवढंच त्यातून दाखवायचं आहे.

पण मला त्या अध्यायात थांबवलं ते या गोष्टीच्या आधीच्या मजकुराने. तिथे चक्क तक्रारीची पद्धत दिली आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकटा जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने. तरीही नाही तर मंडळीपुढे ठेव. तिथेही ऐकलं नाही तर त्याला परका समज. कोकणातल्या कोणत्याही गावकीची बैठक अशीच चालते. फक्त शेवटी तिथे दंड आणि नारळ असतो. म्हणजे चूक तोंडावर सांगणं, साक्षीदार बोलावणं, निवाडा मागणं, आणि माफ करणं, हे सगळं एकाच अध्यायात शेजारी शेजारी बसलं आहे, आणि लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटलेली नाही. पेत्र नावाचा शिष्य तिथेच विचारतो, किती वेळा माफ करायचं, सात वेळा? उत्तर येतं सत्तर गुणिले सात. काही जण ते सत्त्याहत्तर असं वाचतात. यहुदी ऐकणाऱ्याला लगेच उत्पत्तीच्या पुस्तकातला लामेख आठवत असणार. सत्त्याहत्तर पट सूड घेण्याची फुशारकी त्याने मारली होती. जुन्या सुडाचाच आकडा उलटा फिरवलेला आहे.

आता दग्याकडे येतो. येशूचाच शिष्य यहूदा इस्कर्योत याचं नाव जगभर दगाबाजीला पर्याय झालं आहे, पण ग्रीकमध्ये त्याच्या कृत्यासाठी येणारा शब्द साधा आहे: हवाली करणे. त्याने येशूला हवाली केलं. मोल तीस रुप्याची नाणी. ती सोरच्या टांकसाळीची, प्रत्येकी चार दिनार किमतीची असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे १२० दिवसांची मजुरी, आपल्या हिशेबात ६० हजार रुपये. वरच्या गोष्टीत ज्या किरकोळ देण्यासाठी सोबत्याची मानगूट धरली गेली, जवळपास तेवढीच रक्कम. मोशेच्या नियमशास्त्रात कोणाचा गुलाम बैलाने मारला तर मालकाला द्यायची भरपाईही तीस शेकेलच.

योहानाच्या वर्णनात त्या शेवटच्या रात्री येशू जेवणावरून उठून शिष्यांचे पाय धुतो. यहूदा तेव्हा खोलीतच आहे. मग भाकरीचा घास बुडवून येशू तो यहूदाला देतो. पाहुण्याला आपल्या हाताने घास देणं हा त्या भागात मान होता. आपल्याकडे लग्नात घास भरवतात, तिथपर्यंत जायला नको, पण पंक्तीत यजमानाने उठून येऊन आग्रहाने वाढावं तसं काहीसं समजा. घास घेऊन यहूदा बाहेर पडतो. पुढे बागेत तो शिपाई घेऊन येतो तेव्हाही, मत्तयाच्या वर्णनात, येशू त्याला मित्र म्हणूनच हाक मारतो. काय होणार आहे हे माहीत असून त्याला पंक्तीतून उठवलेलं नाही, आणि तो काय करतो आहे हे लपवलेलंही नाही.

त्याच रात्री दुसरा दगा पेत्राचा. मी मरेन पण तुला सोडणार नाही म्हणणारा हा माणूस, महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी, एका दासीने विचारल्यावर "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो. तीनदा. मग कोंबडा आरवतो. खरं सांगायचं तर मला यहूदापेक्षा पेत्र जास्त ओळखीचा वाटतो. पैशासाठी दगा देणारे थोडे असतात. घाबरून ओळख नाकारणारे आपण सगळेच.

योहान त्या शेकोटीसाठी कोळशाच्या विस्तवाचा एक विशिष्ट शब्द वापरतो. नव्या करारात तो दोनच वेळा येतो. दुसऱ्यांदा येतो तो येशू मरणातून पुन्हा उठल्यानंतर, तलावाच्या काठी, पहाटे. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परतत असतात. काठावर निखारे फुललेले असतात, त्यावर मासे आणि बाजूला भाकरी. येशू त्यांना न्याहारीला बोलावतो. आधी खाणं होतं. मग तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा विचारतो. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं, असं लिहिलं आहे. वाटणारच. निखाऱ्यांचा तोच वास, तोच आकडा, समोर तोच माणूस. 'जाऊ दे, झालं ते झालं' असं कोणी म्हणत नाही. जखमेच्या प्रत्येक टाक्यावर बोट ठेवलं जातं, आणि प्रत्येक उत्तरापाठोपाठ नवी जबाबदारी सोपवली जाते. सावित्री नदीच्या काठी तीन दगडांच्या चुलीवर मासे भाजलेले ज्याने खाल्ले आहेत त्याला या प्रसंगाचं भाष्य लागू नये.

यहूदाला ही न्याहारी मिळाली नाही. पस्तावून नाणी मंदिरात टाकून तो गेला आणि त्याने गळफास घेतला, असं मत्तय सांगतो. त्याला क्षमा झाली का, याचं उत्तर चर्चने कधी अधिकृतपणे दिलेलं नाही. फ्रान्समधल्या वेझले इथल्या बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला लटकलेला यहूदा कोरला आहे, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे. तो उत्तम मेंढपाळ, म्हणजे येशूच, असं काही जण मानतात. शिल्पकाराचं नाव कोणाला माहीत नाही. प्रश्न मात्र त्याने दगडात घालून ठेवला.

महाड तालुक्यात राहून दगाफटक्याबद्दल लिहायचं आणि रायगडाकडे बघायचं नाही, हे जमण्यासारखं नाही. १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला तो सूर्याजी पिसाळाच्या फितुरीने, असं आमच्याकडे पोरंही सांगतात. त्याला पुरावा किती यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण फितुरीइतक्याच माफीच्या गोष्टी या गडाभोवती आहेत, त्या मात्र आपण चवीने सांगत नाही.

नेताजी पालकर घ्या. स्वराज्याचा सरनौबत. १६६६ मध्ये वेळेवर पोचला नाही म्हणून पद गेलं, तो विजापूरकरांकडे गेला, तिथून मोगलांकडे. पुढे कैद, धर्मांतर, मुहम्मद कुली खान हे नाव, थेट काबूलकडची मोहीम. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, तो परत आला आणि शिवाजी महाराजांनी त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा आपल्यात घेतलं. मात्र सरनौबतीवर तेव्हा हंबीरराव मोहिते होते आणि तेच राहिले. शंभूराजांचंही तसंच. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. भूपाळगड पडल्यावर दिलेरखानाने तिथल्या माणसांचे हाल केले. वर्षभरात युवराज पन्हाळ्यावर परतले, आणि १६८० च्या जानेवारीत बापाने स्वतः तिथे जाऊन त्यांची भेट घेतली. शिक्षा नाही. पण महाराज रायगडाला परतले ते एकटे. शंभूराजे पन्हाळ्यावर राहिले, आणि ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले तेव्हाही ते तिथेच होते. इतिहासकार याची राजकीय कारणं सांगतील आणि ती बरोबर असतील. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. माफी एका भेटीत होते. विश्वासाला गड चढावा लागतो, आणि कधी कधी वेळ संपते.

आणि माफ केलेला माणूस पुन्हा दगा देतो तेव्हा? तेही इथेच घडलं. महाराजांच्या पश्चात त्यांचे मंत्री अण्णाजी दत्तो यांनी शंभूराजांना डावलण्याचा घाट घातला. पकडले गेले. शंभूराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी त्यांना सोडून पुन्हा अधिकार दिले. १६८१ मध्ये ते पुन्हा कटात सापडले आणि या वेळी देहदंड झाला, आमच्याच जिल्ह्यातल्या सुधागडाच्या परिसरात. ज्याला माफ केलं त्याच्या हातात लगेच किल्ल्या द्याव्यात, असं बायबलही सांगत नाही. राज्य चालवणाऱ्याला तर ते परवडतच नाही.

ख्रिस्ती सत्तांनीही ही शिकवण पाळली असं समजायचं कारण नाही. १५ जुलै १५८३ ला गोव्यात साष्टीतल्या कुंकळ्ळीला पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या गावकारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना ठार केलं. बोलणीला बोलावून मारणं याला काय म्हणतात ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच साष्टीत तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट काम करत होता. मराठी भाषेवर त्याचा जीव जडला, आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं. येशूच्या दुःखसहनाची सगळी कथा त्याने ओवीत बांधली. मराठी ओवीत यहूदाचा दगा सांगताना त्याला असोळणं आठवलं असेल का?

महाडच्या चवदार तळ्यापाशी आणखी एक प्रश्न उभा राहतो. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि परतल्यावर त्यांच्यावर लाठ्या पडल्या. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता. म्हणजे कागदावर दिलेला शब्द गावातल्या लोकांनी मोडला होता. मार खाल्लेली तरुण माणसं बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होती. त्यांनी उलटा हल्ला होऊ दिला नाही. पोलिसांत तक्रार गेली, हल्लेखोरांवर खटला चालला. तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षं लढला गेला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. याला ख्रिस्ती क्षमा म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या लढ्यावर आपलं लेबल लावणं होईल. बाबासाहेब हक्काची भाषा बोलत होते. पण क्षमेवर प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाने तळ्याच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसावं. 'माफ कर' हे मारणाऱ्याने मार खाल्लेल्याला सांगायचं नसतं. तिसऱ्यानेही नाही. ते वाक्य फक्त एका तोंडी शोभतं, आणि तेही मागून मिळत नाही.

मराठीत या सगळ्याची सगळ्यात जिवंत नोंद मला लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांत सापडते. त्यांचे पती नारायण वामन टिळक कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ती सद्सद्विवेकाची हाक होती. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असताना संसार संपला होता. लहान मुलगा पदरी, लिहिता-वाचता जेमतेम, नातेवाइकांच्या आधाराने राहायचं, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरात 'हिचा नवरा बाटला' ही ओळख. ख्रिस्ती होऊन माणूस ख्रिस्ताचा झाला असेल, पण या बाईचा तर त्याने विश्वासच तोडला होता. शिकवणीची गंमत अशी की इथे दगा देणारा ख्रिस्ती होता आणि माफ करणारी तेव्हा ख्रिस्ती नव्हती.

पुढची वर्षं दोघांत पत्रं आहेत, भेटी आहेत, भांडणं आहेत. मग ती नगरला आली, पण सोवळ्यानिशी. आपली चूल वेगळी ठेवून. सोवळं तिच्या हाडात होतं, तिच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड तिने पुस्तकात असं रंगवलं आहे की हसावं की रडावं कळत नाही. हळूहळू जात ही माणसांनी केलेली गोष्ट आहे हे तिचं तिला पटलं आणि १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला. टिळक काही त्यामुळे सोपे झाले नाहीत. रागीट, लहरी, घरातलं कोणालाही उचलून देणारे. स्मृतिचित्रं वाचताना लक्षात येतं की क्षमा हा शब्द तिथे क्वचित दिसतो. तिच्या जागी आहे विनोद. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाची एकही गोष्ट तिने झाकलेली नाही, आणि एकही गोष्ट त्याला हिणवायला सांगितलेली नाही. सगळं आठवतं आहे, डंख मात्र काढून टाकला आहे. माफ करणं म्हणजे विसरणं, असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य सुरू करून अर्धवट ठेवलं होतं. पुढचे बहुतेक अध्याय लिहून ते पुरं केलं ते ज्या बाईला त्यांनी एके काळी वाऱ्यावर सोडलं होतं तिने.

मावशींना मी एकदा विचारलं, खुन्यालाही? त्यांनी इंदूरची गोष्ट सांगितली. सिस्टर राणी मारिया आदिवासी आणि भूमिहीनांमध्ये काम करत. सावकार-जमीनदारांना ते खुपत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला धावत्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, तीही नन, पुढे राखीपौर्णिमेला तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ज्यांनी त्याला भरीला घातलं ते त्याला तुरुंगात सोडून मोकळे झाले होते. म्हणजे फसवला गेलेला तोही होता. त्याने अकरा वर्षं तुरुंगात काढली आणि कुटुंबानेच रदबदली केल्यावर २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं. राखी बांधली म्हणून शिक्षा रद्द झाली नव्हती. दोन्ही आपापल्या वाटेने चालू होत्या.

हे सगळं वाचून माझं मन निवळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. एव्हरेट वर्थिंग्टन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्षमेवर संशोधन करत होते आणि मधेच त्यांच्या आईचाच घरफोडीत खून झाला. ते क्षमेचे दोन भाग करतात. एक निर्णयाची क्षमा: मी सूड घेणार नाही हे ठरवणं. दुसरी भावनेची, ती मागाहून, स्वतःच्या चालीने येते. डच बाई कोरी तेन बोम यांचा अनुभव तोच सांगतो. ज्यू लोकांना घरात लपवल्याबद्दल एका खबऱ्याने १९४४ मध्ये त्यांच्या कुटुंबाला पकडून दिलं. वडील आणि बहीण कैदेत मेले. युद्धानंतर त्यांनी त्या खबऱ्याला माफ केल्याचं पत्र लिहिलं. पण १९४७ मध्ये म्युनिकला व्याख्यानानंतर छळछावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर आला, तेव्हा यांचा हात उचलेना. मनात काहीच नव्हतं, फक्त थंडपणा. निव्वळ जोर लावून हात पुढे केला, भावना नंतर आली, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. शत्रूवरच्या ज्या प्रेमाची ख्रिस्ती लोक गोष्ट करतात त्याला ग्रीकमध्ये अगापे म्हणतात. त्यात आवड असावीच लागत नाही. शत्रूचं वाईट न चिंतणं आणि त्याला भूक लागली असेल तर जेवू घालणं, एवढ्यापासून ते सुरू होतं. आवडलं पाहिजे असं असतं तर माझ्यासारख्याने प्रयत्नही केला नसता.

आमच्या अपिलाची पुढची तारीख गणपतीनंतर पाच दिवसांनी पडली आहे. आमचा गणपती एकच, तो दादाच्या ओटीवर बसतो, आणि गेल्या वर्षी मी गेलो नव्हतो. परवा त्याचा फोन आला. बराच वेळ पावसाचं, भाताचं, घाटातल्या दरडीचं बोलला. मग म्हणाला, "मखराला माणूस नाहीये. येशील का आदल्या दिवशी?"

"येतो," म्हटलं. "आणि दादा, तारीख तेवीसला आहे. वकिलाला सांगून ठेव."

पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग त्याने विचारलं, पोलादपूर स्टँडवरून येताना झेंडू किती किलो आणशील.